बोट दाखवा, जेवायला बसा

आपल्या राज्यातली काही मुलंमुली डॉक्टरकी शिकायला फिलिपिन्सला जातात. पोर तिकडं निघालं की घरच्या बाईचा पहिला प्रश्न असतो, तिथं खायचं काय आणि कुठं? म्हणून आज आपण तिथल्या खानावळीत जाऊन बसू. आणि जेवण झाल्यावर खानावळवालीच्या गल्ल्यातही जरा डोकावू.

फिलिपिन्स हा 7,641 बेटांचा देश. त्यातलं मधोमध एक लांबट बेट म्हणजे सेबू. दमट हवा, धो धो पाऊस, माडाच्या बागा, मासे आणि भात. आपल्या कोकणातल्या बाईला तिथं परकं वाटायचं नाही. मोठी हॉटेलं आहेतच, पण कामकरी माणसं जेवतात ती रस्त्याकडेच्या छोट्या खानावळीत. तिला म्हणतात कारिंदेरिया. पुष्कळ ठिकाणी ती घरची बाईच चालवते.

इथं जिन्नसांची यादी मागायची नाही. सकाळी रांधलेले रस्से, भाज्या, मासे पातेल्यांत ओळीनं मांडलेले असतात. झाकण उचलून बघायचं आणि हवं त्यावर बोट दाखवायचं. म्हणून अशा खानावळीला ‘तुरो-तुरो’ही म्हणतात. तुरो म्हणजे बोटानं दाखवणं. कालवणाचे पैसे वेगळे, भाताचे वेगळे. भाषा येत नसली तरी कुणी उपाशी राहत नाही.

सेबूची आणखी एक गंमत म्हणजे ‘पुसो’. नारळाच्या कोवळ्या पात्यांची मुठीएवढी पिशवी विणतात, तिच्यात तांदूळ भरतात आणि ती पाण्यात उकळतात. आपण हळदीच्या पानात पातोळ्या उकडतो, तसंच हे पानातलं शिजवणं. शिजलेल्या पुसोंचे घोस दुकानात टांगलेले असतात. किती पुसो खाल्ले ते मोजून पैसे द्यायचे. वाढताना हात सैल सुटायची भीती नाही, आणि न उघडलेला पुसो तसाच टांगलेला राहतो.

कालवणात काय मिळतं? मुगाचं पातळ कालवण मिळतं, त्याला ‘मोंगो’ म्हणतात. त्यात बऱ्याचदा शेवग्याचा पाला घालतात. बाळंतिणीला दूध यावं म्हणून शेवग्याच्या पाल्याचा रस्सा देण्याची रीत तिथंही आहे. ‘तिनोला’ म्हणजे आलं आणि कच्ची पपई घालून केलेला कोंबडीचा रस्सा. ‘अदोबो’ म्हणजे व्हिनेगर, लसूण आणि सोया सॉसमध्ये शिजवलेलं मांस, बहुधा कोंबडीचं किंवा डुकराचं. व्हिनेगरच्या आंबटपणामुळं ते लवकर खराब होत नाही.

शाकाहारी माणसानं मात्र जपून. नुसती भाजी दिसली तरी तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा खारवलेल्या मासळीची चटणी असू शकते. बोट दाखवण्याआधी विचारून घ्यावं.

आता गल्ल्याकडं वळू. रोज पहाटे बाजार करायला रोख पैसा लागतो. बँक लहान खानावळीला सहज उभी करत नाही. मग बाई हातउसने पैसे देणाऱ्याकडं जाते. तिथं या कर्जाला ‘पाच-सहा’ असंच नाव आहे. पाच घ्यायचे, सहा फेडायचे. वसुलीवाला बहुधा रोज दारात येतो. या धंद्यात भारतातून गेलेली, मुख्यतः पंजाबी, माणसंही आहेत. तिथले लोक त्यांना ‘बुंबाय’ म्हणतात. हा शब्द आला आपल्या बॉम्बेवरून, म्हणजे मुंबईवरून!

एक हिशेब करून बघू. समजा बाईनं 5,000 घेतले आणि रोज 100 प्रमाणे 60 दिवसांत 6,000 फेडले. व्याज गेलं 1,000. तेच पैसे बचत गटातून महिना शेकडा 2 नं घेतले आणि दर महिन्याला 2,500 मुद्दल फेडलं, तर पहिल्या महिन्याचं व्याज 100, दुसऱ्याचं 50. एकूण 150. म्हणजे 850 वाचले. स्वयंपाक तोच, गिऱ्हाईक तेच, कष्टही तेवढेच. फरक एवढाच की घामाचा पैसा दुसऱ्याच्या खिशात गेला नाही.

रोजचे 100 लहान दिसतात, म्हणून डाव कळत नाही. शिवाय मुद्दल रोज कमी होत जातं, पण व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर लावलेलं असतं. आपल्या गावातही दिवसाच्या किंवा आठवड्याच्या हप्त्यानं कर्ज मिळतं. तिथंही हाच प्रश्न विचारा, घेतले किती आणि एकूण फेडायचे किती?

तुमचा गट खानावळ, वडापावची गाडी किंवा जत्रेतला स्टॉल चालवत असेल, तर सेबूच्या बाईकडून दोन गोष्टी घ्या. पदार्थ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं मांडा आणि भात-भाकरी मोजून विका. तिसरी गोष्ट तिच्या अडचणीतून शिका. भांडवल आधी आपल्या गटातून उभं करा. पुढच्या बैठकीला वही घेऊन बसा आणि प्रत्येकीच्या बाहेरच्या कर्जाचा असा हिशेब मांडा. आकडा पाहून बोलायला आपोआप तोंड फुटेल.