काचपट्टीवर काय निघालं?

शेळी दोन दिवस पाल्याला तोंड लावत नाही म्हटलं, की सरावली गावची माणसं आधी विचारतात, ‘डॉक्टर, रक्तात काय निघालं?’ डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून वर्षं काढल्यावर माझं उत्तर ठरून गेलंय: काही ना काही निघणारच. रानात, बांधावर चरणारी आणि कानामागे गोचिडी वागवणारी शेळी रक्तात जंतू घेऊन हिंडते, यात नवल नाही. ती त्यामुळेच आजारी आहे का, हे मात्र बघावं लागतं.

रक्त घेतो ते कानाच्या कडेच्या बारीक शिरेतून. थेंब काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, मिथेनॉलमध्ये बुडवायचा आणि जिम्साचा जांभळा रंग द्यायचा. इथवर सोपं. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली शेळी डॉक्टरचा अंत पाहते, कारण तिच्या लाल पेशी माणसाच्या लाल पेशींच्या निम्म्याहूनही लहान. पेशीच्या कडेला गडद ठिपका दिसला तर तो अ‍ॅनाप्लाझ्मा. पण रंगाचा कण नेमका तिथे बसला तरी तसाच दिसतो. थायलेरिया स्वल्पविरामासारखा किंवा गोल कडीसारखा. शेळ्यांत हे दोघे नेहमीचे. बबेसिया कमी दिसतो. चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा त्याहून विरळ. अ‍ॅनाप्लाझ्मा खरं तर जिवाणू आहे. पूर्वी त्याला रक्तातला परजीवी समजत, म्हणून तो अजून याच पंगतीत जेवतो.

मग शंभरातल्या किती शेळ्यांना लागण असते? कशानं बघता, त्यावर आहे. काचपट्टीवर मोजलं तर आकडा लहान येतो. त्याच शेळ्यांचं रक्त पीसीआरनं तपासलं तर तो कैक पटींनी वाढू शकतो. बरी झालेली शेळी जंतू पुरता टाकत नाही. लाखो पेशींत एखादा उरतो, डोळ्याला दिसत नाही, पण गोचिडीला पुरतो. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या होत्या. त्यांतल्या बहुतेकींच्या वाट्याला काचपट्टी कधी येतच नाही.

इथल्या गावठी शेळीला करडू असल्यापासून गोचिडी चावतात. लहानपणीच थोडा थोडा आजार सोसून ती टणक होते. गोची होते बाहेरून आणलेल्या जनावराची. कोरड्या मुलखातली उस्मानाबादी किंवा राजस्थानची सिरोही ऐन पावसाळ्याच्या तोंडावर डहाणूत उतरवली, की प्रवासाचा शीण, दमट हवा आणि नवी गोचीड एकदमच अंगावर येतात. दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट घेणाऱ्यांना मी सांगतो, आणा, पण पावसाळा सरल्यावर आणा आणि पहिले काही आठवडे वेगळ्या बांधा. ऐकणारे थोडे. पैसे हातात आले की बाजार खुणावतो.

दुसरा घोळ जंतांचा. डोळ्याची खालची पापणी उलटून पाहिली आणि ती पांढरीफटक निघाली, तर दोष रक्तातल्या जंतूचाच असं नाही. पोटात हिमॉन्कस नावाचा जंत असतो. एकेक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. हजार जंत म्हणजे रोज ५० मिलिलिटर! अशा शेळीच्या जबड्याखाली पाणी साठून सूज येते, ताप सहसा नसतो. थायलेरियात ताप १०५-१०६ अंशांवर जातो आणि खांद्यापुढची गाठ हाताला लागते. बबेसियात लघवी लाल होते, अ‍ॅनाप्लाझ्मात होत नाही. औषधंही निरनिराळी: अ‍ॅनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन, थायलेरियाला बुपारव्हाकोन. काचपट्टीवर ठिपका दिसला म्हणून चांगल्या चरणाऱ्या शेळीला सुई टोचणं मला पटत नाही. मालकाला मात्र सुईशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही.

‘आम्हाला होईल का?’ हे बायका हमखास विचारतात, कारण दूध त्या काढतात, गोचिडीही त्याच वेचतात. शेळीचे हे आजार माणसाला सहसा होत नाहीत. अपवाद आपल्याच राज्यातला: २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सर्राचा जंतू सापडला. सुरामिन देऊन तो बरा झाला. पुढे कळलं, की या जंतूपासून माणसाला वाचवणारं रक्तातलं एक प्रथिनच त्याच्यात नव्हतं. गोचिडीची भीती वेगळ्या कारणानं बाळगावी. २०२० च्या सप्टेंबरात गुजरातेत काँगो तापाचे रुग्ण आढळले म्हणून पालघर प्रशासनानं सावधगिरीचा इशारा दिला होता. त्या तापाचा विषाणू गोचिडीतून येतो, आणि आपल्याकडे गोचीड नखावर चिरडायची खोड घरोघर आहे. चिमट्यानं ओढा, रॉकेलच्या डबीत टाका.

अंगावरच्या गोचिडी वेचून काम संपत नाही. इथल्या बऱ्याच जाती रक्त पिऊन खाली गळतात, कात टाकतात, पुन्हा नवं जनावर शोधतात. मादी तर हजारांनी अंडी घालते, कुडाच्या फटीत, जमिनीच्या भेगांत. नुसतं शेळीवर औषध मारून गोठा तसाच ठेवला, तर महिन्याभरात पुन्हा तेच. कुड शेणमातीनं लिंपून फटी बुजवाव्यात, खालचा पाला-लेंड्या रोज काढाव्यात. आणि गोठ्यात गावठी कोंबड्या सोडाव्यात. बसलेल्या शेळीच्या कानामागची फुगलेली गोचीड त्या अशा अचूक टिपतात, की शेळीही मान हलवत नाही.