जुना चित्रपट नवा कसा होतो?

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कचे नाव ऐकले की हॉलिवूडच्या नटनट्यांचे बेव्हर्ली हिल्स आठवते. पण हॉलिवूडचे जुने चित्रपट घरी पाहायला तितके दूर जायला नको. डिस्क जमविणारा एखादा हौशी माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्याकडे 'द विझार्ड ऑफ ऑझ' असेल तर जरूर पाहा. चित्रपट १९३९ सालचा, पण रंग कसे टवटवीत! उलट, त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी निघालेल्या कितीतरी रंगीत चित्रपटांच्या प्रती गुलाबी पडल्या आहेत. म्हातारा ताजा आणि तरुण फिका, असे का व्हावे?

याचे उत्तर कॅमेऱ्यात आहे. त्या काळच्या टेक्निकलर कॅमेऱ्यात भिंगामागे काचेचा लोलक असे. आलेला प्रकाश विभागून तीन फितींवर त्याची नोंद होई. एकीवर तांबड्या, दुसरीवर हिरव्या आणि तिसरीवर निळ्या प्रकाशाची. गंमत म्हणजे या तिन्ही फिती कृष्णधवल! चित्र उमटे ते चांदीच्या बारीक कणांचे. रंग भरले जात ते पुढे प्रती काढताना. चांदीचे कण रंगद्रव्यांसारखे सहजी विटत नाहीत. १९५० नंतर एकाच फितीवर तीन रंगांचे थर देणारी फिल्म आली. ती स्वस्त व सोयीची होती, पण तिच्यातील रंगद्रव्ये कच्ची निघाली. पडद्यावर दाखवायच्या प्रतींत बहुधा निळसर-हिरवे द्रव्य आधी उडाले आणि मागे गुलाबी झाक उरली.

म्हणजे जुन्या तीन फिती एकावर एक ठेवल्या की काम झाले? नाही. फीत वर्षानुवर्षे आकसत जाते, आणि तिघी सारख्या आकसत नाहीत. त्यामुळे चित्रे नेमकी जुळत नाहीत व कडांना रंगीत किनार दिसते. हे काम संगणकाने साधले. प्रत्येक चौकटीचे सूक्ष्म बिंदूंत रूपांतर करून तिन्ही चित्रे पुन्हा जुळविली जातात. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे शंभर मिनिटांच्या चित्रपटात १,४४,००० चौकटी. त्या तिप्पट करा! यानंतर ओरखडे आणि धुळीचे डाग पुसायचे ते वेगळेच.

मात्र मूळ फीतच नसेल तर संगणक काय जुळविणार? १९५० च्या सुमारापर्यंत फिती सेल्युलोज नायट्रेटच्या असत. हा पदार्थ जळताना लागणारा ऑक्सिजन स्वतःमधूनच पुरवितो, त्यामुळे पाण्यातही त्याची आग विझत नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथील पी. के. नायर यांनी दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले भाग मोठ्या खटपटीने मिळविले. त्याच संग्रहालयाच्या नायट्रेट फितींना ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली आणि अनेक जुने चित्रपट जळून गेले. मुंबईत तयार झालेला आपला पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) याची तर एकही प्रत आज कोठे उपलब्ध नाही.

नायट्रेटनंतर आलेली ॲसिटेटची फीत भडकत नाही, पण दमट हवेत तिचे विघटन होऊन ॲसेटिक आम्ल सुटते. हेच आम्ल व्हिनेगरमध्ये असते. ते विघटनाचा वेग आणखी वाढविते, म्हणून आंबट वास येणारी फीत इतरांपासून ताबडतोब दूर करतात. किनाऱ्यावरच्या पावसाळी हवेत कॅसेटच्या चुंबकीय फितीलाही बुरशी धरते. संग्रहालयात फिती थंड आणि कोरड्या खोलीत ठेवतात ते यासाठीच.

डिस्क घेताना वेष्टनावरील 'नवी, स्वच्छ प्रत' या शब्दांवर फारसे विसंबू नका. जुन्या व्हीसीडीच्या एका चौकटीत ३५२ × २८८, म्हणजे सुमारे एक लाख बिंदू असतात; ब्लू-रे डिस्कवर वीस लाखांहून अधिक. पण बिंदू कितीही वाढले तरी मूळ फितीत नसलेला तपशील त्यांतून उगवणार नाही. म्हणून प्रत मूळ निगेटिव्हवरून काढली की पडद्यावर चालून झिजलेल्या प्रतीवरून, हे आधी विचारावे.

एक परीक्षा घरीच करून पाहा. टेक्निकलर चित्रपट एखाद्या चौकटीवर थांबवा आणि पांढऱ्या आभाळापुढची काळी रेघ, खांब किंवा फांदी, जवळून पाहा. एका कडेला तांबडी आणि दुसरीला हिरवट किनार दिसली तर चित्रे नीट जुळलेली नाहीत. मग चेहरे पाहा. ते मेणाच्या बाहुलीसारखे गुळगुळीत दिसत असतील तर साफसफाईच्या भरात फितीचे नैसर्गिक कणही पुसले गेले असावेत. असल्या प्रतीपेक्षा थोडे ओरखडे राहिलेली प्रत मला अधिक पसंत आहे.