शुद्ध मराठी? कोणत्या सालची?

'चल, मी निघतो गं!' असं मी म्हटलं, की आमच्या पुण्यातल्या ऑफिसात कुणीतरी हमखास विचारतं, 'निघतो? मुलगी ना तू?' हो बाबा, मुलगीच. पण कोल्हापूरची! आमच्याकडे आई, काकू, आज्जी सगळ्या 'मी येतो', 'मी जेवलो' असंच म्हणतात. हसणाऱ्यांवर माझा राग नाही. पण 'जरा शुद्ध बोल' हा फुकटचा सल्ला आला, की विचारावंसं वाटतं, शुद्ध म्हणजे कोणत्या सालचं?

महिनाअखेरीला आपण ज्याची चातकासारखी वाट बघतो, तो 'पगार' मुळात पोर्तुगीज. चावी, साबण, बटाटा, पाव हेही तिकडूनच आले. कागद, बाजार, दुकान आले फारसीतून. आता त्यांना पाहुणे म्हणायची कुणाची हिंमत आहे?

शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. 'पेशवा'चा 'पंतप्रधान' झाला. गंमत बघा, अठराव्या शतकात बाजीरावांना लोक पेशवेच म्हणत राहिले आणि 'पंतप्रधान' पुढे थेट दिल्लीत जाऊन बसला! सावरकरांचे 'महापौर' आणि 'दिग्दर्शक' मात्र मस्त रुळले. फंडा सोपा आहे. कोशात घातला म्हणून शब्द जगत नाही, लोकांच्या तोंडी बसला की जगतो.

लिहिण्याचंही तेच. 'घरांत', 'नाहीं' अशी टिंबं देणं एके काळी शुद्ध होतं. १९६२ साली नवे नियम आले आणि टिंबं गेली. कालचं शुद्ध आज जुनाट!

मग पुण्याकडची मराठी 'प्रमाण' कशी झाली? ती जास्त गोड होती म्हणून नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलात शाळा निघाल्या, क्रमिक पुस्तकं छापली गेली, १८३१ साली मोल्सवर्थचा कोश आला. या कामाला शास्त्रीमंडळी होती. त्यांची भाषा छापली गेली, ती प्रमाण ठरली. बाकीच्या उरल्या बोली.

भाषा बदलणारच, त्याचं दुःख नाही. पण बदलणं वेगळं आणि लाजून सोडून देणं वेगळं. परीक्षा, इंटरव्ह्यू, प्रमोशन सगळं प्रमाण भाषेत, म्हणून आईबाप पोरांशी घरची बोली बोलायचं थांबतात. माझी पाच वर्षांची भाची पुण्यात वाढतेय. माझी आई फोनवर 'मी आलो' म्हणाली, तर ही लगेच, 'आजी, चुकलीस!' आई हसली. पण तेव्हापासून नातीशी ती तोलूनमापून बोलते, आणि पूर्वीसारखी खळखळून बोलत नाही. हे मला फार लागतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण सगळ्यांनी अभिमानाने स्टेटस ठेवलं. सही! आता एवढं आणखी करू या. नागपूरचा कलीग 'काय करून राहिला बे?' म्हणाला, तर हसायच्या आधी त्याला उत्तर द्या. आणि या वीकेंडला गावी फोन लावून आपल्या बोलीत मनसोक्त गप्पा हाणा. पलीकडून काहीही आलं, तरी दुरुस्त तेवढं करू नका!