पाण्यात उतरलं की गुडघ्यावरचा भार निम्मा होतो, मग तो फोमचा दांडा कशाला?

रील्स बघताना हा व्हिडीओ तुमच्याही समोर आला असेल. निळाशार स्विमिंग पूल, छातीएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या साठीच्या बायका आणि प्रत्येकीच्या हातात पिवळा-गुलाबी फोमचा लांब दांडा. त्याला म्हणतात पूल नूडल. खाली कमेंट ठरलेली, "आमच्या आईचे गुडघे दुखतात, हे चालेल का?"

चालेल. पण कुठल्या पाण्यात, हे आधी बघावं लागतं. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजा नावाचं गाव आहे. अशा गावात पोहायचं पाणी म्हणजे विहीर, नाहीतर शेततळं. व्हिडीओतला पूल आणि हे पाणी यातला फरक जिवावर बेतणारा आहे.

आधी गुडघ्याचं बघू. या भागात सोयाबीनचा पेरा मोठा. निंदण करायचं तर तासन् तास उकिडवं बसावं लागतं. पन्नाशीनंतर गुडघे बोलायला लागतात. डॉक्टर सांगतात, वजन कमी करा, चाला. चाललं की दुखतं, दुखतं म्हणून चालणं बंद, आणि वजन आणखी वाढतं.

पाणी हे चक्र तोडायला मदत करतं. समजा, बाईचं वजन ७० किलो आहे. कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर साधारण ३५ किलोच भार येतो. छातीएवढ्या पाण्यात २० ते २५ किलो, आणि गळ्यापर्यंत गेलं की जेमतेम ७. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट, त्यामुळे नुसता पाय हलवला तरी स्नायूंना काम लागतं. म्हणजे सांध्याला आराम आणि मांडीला मेहनत.

पण याला जादू समजू नका. गुडघा आणि खुब्याच्या संधिवातावर कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये १३ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या, त्यात ११९० रुग्ण होते. पाण्यातल्या व्यायामाने दुखणं कमी झालं, पण थोडंसंच, आणि तेही व्यायाम संपल्यानंतर लगेचच्या काळापुरतं दिसलं. म्हणजे सातत्य हवंच.

आता दांडा. साधारण दीड मीटर लांब, साडेसहा सेंटिमीटर जाड नूडल घेतला तर त्याचं आकारमान भरतं पाच लिटरच्या आसपास. म्हणजे तो पाण्यात जवळपास पाच किलो उचलून धरतो. बूच घट्ट लावलेला तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅनही तेवढंच उचलतो. आपल्याकडे पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधून पोरं विहिरीत पोहायला शिकली, तेव्हाही हिशोब हाच होता. नूडलचा फायदा एवढाच, की त्याच्या फोममध्ये हवेचे बंद कप्पे असतात. चीर पडली तरी तो ट्यूबसारखा पंक्चर होत नाही.

पाच किलोत अख्खा माणूस कसा तरंगतो? शरीर पाण्याइतकंच जड असतं, वर ठेवायचं असतं फक्त डोकं, आणि डोक्याचं वजन चार-पाच किलो. इथेच धोका आहे. घाबरलेला माणूस दोन्ही हात पाण्याबाहेर काढतो. त्या हातांचं वजन सहा-सात किलो. दांडा अपुरा पडतो, किंवा निसटून जातो. म्हणून नूडल व्यायामाचं साधन आहे, जीव वाचवायचं नाही.

शेततळ्यात तर हे अजिबात करू नका. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतल्या तळ्यांची खोली ठरलेली होती ३ मीटर. तिथे पाय टेकत नाहीत. काठ उतरते, त्यात प्लास्टिकचं अस्तर असेल तर त्यावर शेवाळ. पट्टीचा पोहणाराही त्यावरून वर चढू शकत नाही. विहिरीतही पाय टेकायला तळ नाही, त्यामुळे हा व्यायाम तिथे होतच नाही.

तळ सपाट आणि पाणी छातीपर्यंत असलेला पूल मिळाला तर पोहता येत नसलं तरी चालतं, फक्त काठावर जीवरक्षक हवा. आधी पाच मिनिटं पुढे-मागे चाला. मग दांडा पाठीमागून काखेत घेऊन, खुर्चीत बसल्यासारखं बसून, सायकल मारा. नंतर दांडा दोन्ही हातांनी मांडीपर्यंत दाबा आणि हळूहळू वर येऊ द्या. तो उसळी मारू पाहतो, त्याला रोखण्यातच खरा व्यायाम आहे. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुरे, आठवड्यातून दोन-तीनदा. पाण्यात घाम कळत नाही, तेव्हा आधी-नंतर पाणी प्या. मिरगी, हृदयविकार, आटोक्यात नसलेला बीपी किंवा उघडी जखम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका.

गावाजवळ असा पूल नसेल तर त्यासाठी रोज लांबची वारी करण्यात अर्थ नाही. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच सेकंद धरायचा, खाली सोडायचा, एवढं घरीही होतं आणि मांडीला बळ येतं. पण अमरावतीला लेकीकडे महिनाभर राहायला जाणार असाल, तर तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा तलाव आहे, संस्था १९१४ पासूनची. कुठल्याही पुलावर जायच्या आधी फोन करून विचारा: उथळ बाजूला पाणी किती, बायकांची वेळ वेगळी आहे का, आणि उतरायला पायऱ्या आहेत की उभी शिडी. शेवटचं नक्की विचारा. पाण्यातून बाहेर येताना सगळं वजन एकदम गुडघ्यावर परत येतं, तेव्हा हाताशी कठडा लागतो.