खुनी कुणालाच सापडला नाही? मग यजमान नापास!

गेल्या दोन वर्षांत चार घरांमध्ये माझ्यावर खुनाचा संशय घेतला गेला. चारही वेळा मी निर्दोष होतो, पण तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार आहे ती शेवटी यजमानाच्या चेहऱ्यावर पसरणाऱ्या त्या विजयी हास्याबद्दल. ‘बघा, कुण्णालाच ओळखता आलं नाही!’

रहस्य जितकं अवघड तितकी मर्डर मिस्ट्री पार्टी भारी, हा समज काही केल्या जात नाही. अहो, रात्री जेवायला बोलावलेली माणसं आहेत ती, स्पर्धा परीक्षेचे उमेदवार नव्हेत.

चौथ्या घरचा कोजागरीचा खेळच घ्या. मसाला दूध पिताना ‘काकासाहेब’ कोसळतात. संशयित आठ. सगळी मदार एका गोष्टीवर होती: विष दुधात नव्हतंच, काकासाहेबांच्या पेल्याला आतून लावलेलं होतं. हे सुचवणारं एकुलतं एक वाक्य ‘मोलकरणी’च्या तोंडी होतं. ती ते बोलली तेव्हा भेळेच्या प्लेटी फिरत होत्या, दोघं गच्चीत होते आणि एक जण अडकलेली गाडी काढून द्यायला खाली गेला होता. त्यानंतर दोन तास आम्ही ‘दुधात विष कुणी कालवलं’ यावर भांडलो. कादंबरीत काही निसटलं तर मागचं पान उलटता येतं. पार्टीत कानावरून गेलेलं वाक्य गेलंच.

यावरचा उपाय जुनाच आहे. रोल-प्लेइंग खेळांवर लिहिणाऱ्या जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ मध्ये ‘तीन दुव्यांचा नियम’ मांडला: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढायला हवा, त्याच्याकडे नेणारे किमान तीन दुवे ठेवा. एक त्यांच्या नजरेतून सुटतो, दुसऱ्याकडे ते दुर्लक्ष करतात, तिसऱ्याचा भलताच अर्थ लावतात. आमच्या खेळात काय करता आलं असतं? पातेल्यातलं उरलेलं दूध चाटून मांजर सोफ्यावर खुशाल झोपलंय. एक संशयित सांगतो, ‘मी त्याच पातेल्यातलं दोनदा प्यायलो.’ आणि फोटोत काकासाहेबांचा पेला तेवढा इतरांपेक्षा वेगळा दिसतो. झालं.

‘मग फारच सोपं होईल की!’ नाही होत. उत्तर माहीत असल्यामुळे ते फक्त तुम्हाला सोपं वाटतं. आठ माणसं एकत्र आली की दिशाभूल करायला वेगळा लेखक लागत नाही. आणि ज्यांना हे ‘खालच्या दर्जाचं’ वाटतं, त्यांनी रोनाल्ड नॉक्स यांची रहस्यकथालेखकांसाठीची दहा कलमं पाहावीत. १९२९ सालची आहेत. गुप्तहेराला मिळालेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही, हे त्यातलंच एक. वाचकाला जो न्याय, तो पाहुण्यांना का नको?

बाकीचे समज तासभर डोकं खावं इतके मोठे नाहीत. ‘हे अलीकडचं अमेरिकी खूळ आहे.’ न्यूझीलंडच्या नायो मार्श यांच्या १९३४ च्या पहिल्याच कादंबरीत घरगुती पार्टीतला खुनाचा खेळ आहे आणि खरा खूनही त्यातच होतो. क्लूडो हा बैठा खेळ ब्रिटनमध्ये विक्रीला आला तो १९४९ मध्ये. ‘अभिनय यायला हवा.’ नको, चिठ्ठीवर तीन ओळी द्या: तुम्ही कोण, काय लपवताय, कुणावर राग आहे. ‘मेलेल्याने रात्रभर पडून राहायचं.’ कशाला? मेलेली व्यक्ती आमंत्रितांपैकी नसलेलीच बरी, नाहीतर यजमानाने मरावं आणि दहा मिनिटांनी इन्स्पेक्टर होऊन परत यावं. ‘खर्च फार येतो.’ चिठ्ठ्या, जुन्या साड्या आणि एक अडकित्ता, एवढ्यात भागतं.

स्वतः कथा रचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावताच माणूस कोसळत नाही, काही मिनिटं लागतात. आणि सायनाइडचा कडू बदामासारखा वास सगळ्यांना येत नाही. काहींना तो जन्मतःच जाणवत नाही. तेव्हा केवळ त्या वासावर अख्खा उलगडा टांगू नका.

किंकाळी ठेवणार असाल, तर शेजाऱ्यांना आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा. चौथ्या घरी ते राहून गेलं. वॉचमन काठी घेऊन तीन मजले धावत वर आला, आणि मग त्याला मसाला दूध देऊन बसवून घ्यावं लागलं. पेला मात्र त्याने आधी नीट निरखून पाहिला.