ब्रोकन हिल : आडरानातलं गाव आणि त्याचे लांबचे धागे

आज सुरुवात घड्याळापासून करू. आपल्याकडे दुपारचे बारा वाजलेत असं धरा. त्या वेळी सिडनीत साडेचार झालेले असतात. (उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे करतात, ते तूर्त बाजूला ठेवू.) सिडनी ज्या न्यू साउथ वेल्स राज्यात आहे, त्याच राज्याच्या पश्चिम टोकाला ब्रोकन हिल नावाचं खाणीचं गाव आहे. तिथे मात्र बरोबर चार वाजलेले असतात. राज्य एक आणि घड्याळं दोन, हे कसं?

कारण साधं आहे. हे गाव कागदोपत्री सिडनीचं, पण पोटापाण्याने शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाचं. सिडनी अकराशे किलोमीटरवर, ॲडलेड पाचशेवर. खनिज बाहेर काढायचं तर पश्चिमेला, पोर्ट पिरीच्या बंदराकडेच न्यावं लागे. सिडनीचं सरकार स्वतः रेल्वे टाकत नव्हतं आणि शेजारच्या राज्याची रेल्वे हद्दीत येऊ देत नव्हतं. मग १८८८ मध्ये एका खासगी कंपनीने सरहद्दीपर्यंत रूळ टाकले. सिडनीची थेट गाडी यायला १९२७ साल उजाडलं. तोवर घड्याळाची सवय पक्की झाली होती, ती आजही तशीच आहे.

आता या गावात होतं काय, ते बघू. हा सगळा प्रदेश मुळात विल्याकाली या आदिवासींचा. पुढे मेंढपाळीचे मोठमोठे तळ पडले. त्यातल्या एका तळावर कुंपणं तपासत फिरणारा चार्ल्स रॅस्प नावाचा जर्मन नोकर होता. १८८३ मध्ये एका काळसर, मोडक्या कण्यासारख्या टेकडीवर त्याने दगड उचलले. त्याला वाटलं, कथील आहे. सात जणांनी प्रत्येकी सत्तर पौंड घालून भागी केली. पहिल्या तपासणीत फारसं काही निघालं नाही, तेव्हा काही जण कंटाळून बाहेर पडले. एक चौदावा हिस्सा तर सिडनी किडमन नावाच्या गुरांच्या व्यापाऱ्याने दहा बैल देऊन घेतला आणि लवकरच किरकोळ नफ्यावर विकून टाकला! पुढे त्या टेकडीखाली चांदी, शिसं आणि जस्त यांचा जगातल्या सर्वांत श्रीमंत साठ्यांपैकी एक निघाला. सात किलोमीटरांहून लांब, बूमरँगच्या आकाराचा. १८८५ मध्ये ‘ब्रोकन हिल प्रोप्रायटरी’ ही कंपनी स्थापन झाली. आपण शेअर बाजाराच्या बातम्यांत ‘बीएचपी’ वाचतो ना, त्यातली पहिली दोन अक्षरं म्हणजे ही टेकडी. गंमत अशी की कंपनीने १९३९ मध्येच हे गाव सोडलं. नाव तेवढं सोबत नेलं.

यापेक्षा मोठी गोष्ट इथून बाहेर गेली, ती म्हणजे एक युक्ती. तिच्यावर जरा थांबू.

सुरुवातीला खनिज दळून पाण्यात धूत. शिशाचं खनिज जड, ते खाली बसे. जस्ताच्या खनिजाचं वजन मात्र सोबतच्या टाकाऊ खनिजांच्या जवळपास, त्यामुळे ते वेगळं होईना. सगळं उकिरड्यावर. होता होता गावात अशा गाळाचे डोंगर उभे राहिले, लाखो टनांचे. त्यात जस्त आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण काढायचं कसं? १९०२ नंतरच्या काही वर्षांत इथे फेसाचे प्रयोग झाले. बारीक दळलेलं खनिज पाण्यात घालायचं, थोडं तेल टाकायचं आणि खालून हवा सोडायची. धातूच्या कणांवर तेलाचा पातळ थर बसतो, ते बुडबुड्यांना चिकटून वर येतात. दगडाचे कण पाण्याने भिजतात आणि तळाशी जातात. म्हणजे जड वस्तू तरंगते! गुऱ्हाळावर रस उकळताना मळी वर येते, ती आपण काढून टाकतो. इथे उलटा न्याय, वर येईल तेच ठेवायचं. आज जगभर तांबं, शिसं, जस्त याच पद्धतीने वेगळं करतात, आपल्या राजस्थानातल्या जावरच्या खाणीतही. व्यापारी प्रमाणावर ती सिद्ध झाली ती ब्रोकन हिलला.

त्या उकिरड्यातून पैसा काढायला १९०५ मध्ये ‘झिंक कॉर्पोरेशन’ ही कंपनी निघाली. ती उभारण्यात एक अमेरिकन खाण अभियंता होता, हर्बर्ट हूवर, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला तोच. हीच कंपनी नावं बदलत, इतरांत विलीन होत १९६२ मध्ये रिओ टिंटोला जाऊन मिळाली. जगातल्या दोन बलाढ्य खाण कंपन्यांची मुळं एकाच टेकडीत आहेत, हे आम्हालाही तयारी करताना पुन्हा तपासून घ्यावं लागलं.

मग गावाकडे काय राहिलं? धूळ राहिली. शिशाची धूळ आणि खाणीतल्या दगडाची धूळ. कामगारांची फुफ्फुसं त्यात गेली. १९१९ मध्ये संप झाला तो दीड वर्ष चालला. त्यातून खाणकामगारांना आठवड्याला पस्तीस तासांचं काम मिळालं. १९२० सालची ही गोष्ट आहे! आजही किती जणांना पस्तीस तासांचा आठवडा मिळतो, विचार करा. हे कुणाच्या दयेने झालं नाही. दीड वर्ष चुली कशा पेटल्या असतील, याची कल्पना करून बघा. गावाच्या मधोमध गाळाच्या टेकाडावर आज एक स्मारक आहे. खाणीत मेलेल्या आठशेहून अधिक माणसांची नावं तिथे कोरलेली आहेत आणि प्रत्येकापुढे मरणाचं कारण : दरड कोसळली, खाली पडला, स्फोट झाला. शिशाचा प्रश्न तर अजून मिटलेला नाही. गावातल्या लहान मुलांच्या रक्तातलं शिसं आजही नियमित तपासलं जातं.

धुळीवर एका माणसाने शोधलेला उपाय मात्र सांगायलाच हवा. आल्बर्ट मॉरिस हा खाणीतला धातुतपासनीस, वनस्पतींचा नाद असलेला. भट्ट्यांसाठी आणि खाणीच्या आधारांसाठी आसपासची झाडं तोडून झालेली, उरलेलं शेळ्यामेंढ्या आणि सशांनी खाल्लेलं. वाळूची वादळं घरात घुसत. मॉरिसचं म्हणणं असं की झाडं लावत बसू नका, फक्त कुंपण घाला. जनावरं बाहेर ठेवली की जमिनीतलं बी आपोआप उगवेल. १९३६ मध्ये झिंक कॉर्पोरेशनने हे करून पाहिलं आणि खरोखर रान परत आलं. मॉरिस १९३९ च्या सुरुवातीला गेला, पण त्याचं हिरवं कडं गावाभोवती अजून आहे. आपल्याकडे चराईबंदी करून माळरान राखलेल्या गावांना यात नवल वाटणार नाही.

आता शेवटचा धागा, आणि तो आपल्या बाजूचा. रेल्वे जिथे नव्हती तिथे माल कोण वाहायचं? उंट. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी उंट आणि उंटवाले हिंदुस्थानातून नेले होते. ती मोहीम ब्रोकन हिलच्या आग्नेयेला, मेनिंडीवरून गेली. दोस्त महंमद नावाच्या उंटवाल्याची कबर तिथेच आहे. १८६६ मध्ये थॉमस एल्डरने शंभरावर उंट आणि एकतीस माणसं कराचीहून आणली. आणि कराची त्या वेळी कुठल्या इलाख्यात? मुंबई इलाख्यात! सिंध १९३६ पर्यंत मुंबईतच होता. ऑस्ट्रेलियन लोकांनी या सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटलं, त्यात पठाण, बलुची, पंजाबी, सिंधी सगळे आले. १९०१ नंतरच्या गोऱ्यांच्या कायद्यांमुळे त्यांना बायकामुलं आणणं जवळजवळ अशक्य झालं.

यातला एक दिवस वाईट आहे, तो लपवायचा नाही. १ जानेवारी १९१५ ला सहलीला निघालेल्या उघड्या डब्यांच्या रेल्वेवर दोघांनी गोळीबार केला. एक आइस्क्रीम विकणारा जुना उंटवाला, दुसरा मुल्ला आणि खाटीक. गाड्यावर तुर्की झेंडा लावलेला. चार माणसं मेली, ते दोघेही मारले गेले. मुल्लाच्या चिठ्ठीत मात्र राग होता तो गावातल्या स्वच्छता निरीक्षकावर, बिनपरवाना कत्तलीबद्दल झालेल्या शिक्षेचा. त्या रात्री जमावाने जर्मन क्लब जाळला आणि उंटवाल्यांच्या तळाकडे मोर्चा वळवला. पोलिसांनी तो अडवला, म्हणून तळ वाचला.

त्या तळावरची पत्र्याची छोटी मशीद अजून उभी आहे, संग्रहालय म्हणून. तिथे एक जाडजूड ग्रंथ ठेवलेला होता, चिठ्ठीवर ‘कुराण’ असं लिहून. वर्षानुवर्षं लोक ते वाचून पुढे जात. सामिया खातून या इतिहासकार तिथे गेल्या, त्यांनी तो उघडला आणि बघतात तर लिपी बंगाली. कलकत्त्याला छापलेला ‘कसासुल अंबिया’, म्हणजे पैगंबरांच्या कथांचा पद्यग्रंथ, मोठ्याने म्हणून दाखवण्यासाठी रचलेला. त्यातूनच पुढे त्यांचं ‘ऑस्ट्रेलियानामा’ हे पुस्तक झालं, २०१८ सालचं. इंग्रजी येत असेल तर जरूर वाचा. चिठ्ठी लिहिणाऱ्याची चूक म्हणावी तर एवढीच, की त्याने पुस्तक उघडून ते वाचता येणाऱ्या कुणाला दाखवलं नव्हतं.