अपेंडिक्सचे तोंड दुर्बिणीतून

गारखेडा हे एके काळी औरंगाबादेबाहेरचे गाव. आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या शहराने ते केव्हाच पोटात घेतले. तेथे १९८९ पासून डॉ. हेडगेवार रुग्णालय आहे. शहरातले घाटीचे सरकारी रुग्णालय तर त्याहून जुने. पैठण, गंगापूर, कन्नडकडची मंडळी पोटदुखीचा माणूस घेऊन याच वाटेला लागतात. डॉक्टरांनी ‘कोलोनोस्कोपी करू’ म्हटले, की घरचे घाबरतात. वाचकहो, या तपासणीचा अपेंडिक्सशी काय संबंध, ते पाहू.

मोठे आतडे पोटाच्या उजव्या अंगाला, खालच्या बाजूस सुरू होते. तेथेच बोटाएवढी एक बंद नळी लोंबते; तीच अपेंडिक्स. पाटाला फुटलेली, पण पुढे कुठेच न जाणारी चारी समजा. दिवा आणि कॅमेरा असलेली लवचिक नळी गुदद्वारातून घालून डॉक्टर सगळे मोठे आतडे पाहतात, तेव्हा शेवटी अपेंडिक्सचे तोंड दिसते. तोंडच दिसते, आतली पोकळी नाही.

म्हणून बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली उतरलेली कळ, उलटी, ताप अशा अचानक दुखण्यात ही तपासणी सहसा करीत नाहीत. तेव्हा पोट हाताने तपासणे, रक्त, सोनोग्राफी, गरज पडल्यास सीटी स्कॅन. घरी एरंडेल पाजू नका, पोट चोळू नका, बिब्बा तर मुळीच नको. सुजलेली अपेंडिक्स फुटली तर पू पोटभर पसरतो.

दुर्बीण कामाला येते ती क्वचित आढळणाऱ्या आजारांत. कधी अपेंडिक्समध्ये बुळबुळीत चिकट द्रव साठून ती फुगते. मग आतून वारुळासारखा उंचवटा आणि त्याच्या माथ्यावर भोक दिसते. हा फुगा फुटला तर द्रव पोटात पसरून वर्षानुवर्षे छळू शकतो, म्हणून सर्जन तो अखंड काढतात. कधी सदऱ्याची बाही उलटी व्हावी तशी अपेंडिक्स आतड्यात उलटी शिरते आणि मांसाच्या साध्या गाठीसारखी दिसते. गाठ समजून ती कापली, तर आतड्याला भोकच पडायचे! तोंडाशी कर्करोगाची गाठ असेल तर तिचा तुकडा काढून तपासता येतो. नळीच्या टोकाकडची गाठ मात्र दुर्बिणीला सापडत नाही.

आता ज्याकडे हमखास दुर्लक्ष होते ते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला अपेंडिक्सचा गोळा झाला, औषधांनी उतरला, की तो थेट पेरणीला जुंपतो. अशांपैकी काहींत मूळ कारण कर्करोग निघते. काही आठवड्यांनी डॉक्टर दुर्बिणीला बोलावतात ते याचसाठी. दुखत नाही म्हणून ती तारीख चुकवू नका. ऑपरेशन झाले असेल, तर काढलेली अपेंडिक्स तपासायला पाठवली का ते विचारा आणि अहवाल दाखवून घ्या.

तपासणीआधी दोन-तीन दिवस पालेभाजी, पेरू, टोमॅटो बंद. आदल्या दिवशी पातळ आहार आणि पोट साफ करणारे औषध; जुलाब पाण्यासारखे होतात, तेव्हा मुक्काम शहरात नातलगांकडे केलेला बरा, एस.टी.त हे जमायचे नाही. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. बहुधा गुंगीचे इंजेक्शन देतात, म्हणून सोबत घरचा माणूस हवा, आणि त्या दिवशी मोटारसायकल त्यानेच चालवायची.